एक इंजेक्शन, एक कॅमेरा, आणि गाठ चमकणार... मग मॅमोग्राम कशाला?

निंबोणी
विभाग चुकला असेल तर धागा हलवावा.

माझ्या थोरल्या जाऊबाई, वय ५२. मॅमोग्रामच्या रिपोर्टात आलंय की स्तन दाट आहेत, डाव्या बाजूला एक सावली संशयास्पद वाटते, सोनोग्राफी करा आणि गरज पडली तर बायोप्सी. त्याला दहा दिवस झाले, पण पुढचं पाऊल पडलेलं नाही. कारण घरच्या ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ. अंधारी खोली, पडद्यावर करडं चित्र, मधोमध हिरवीगार चमकणारी गाठ. खाली मजकूर: 'नियर इन्फ्रारेड फ्लुरोसन्स. एकच इंजेक्शन. ना किरणोत्सर्ग, ना दाबणं, ना सुई. मॅमोग्राम इतिहासजमा!'

जाऊबाई म्हणतात, "हे सगळीकडे येईपर्यंत थांबते. बायोप्सीची सुई लागली की गाठ पसरते म्हणे." मला त्यांच्याशी भांडायचंय, पण हातात मुद्दे नाहीत. हे तंत्र खरं आहे की थाप?

चांदणचकवा
'एकच इंजेक्शन' आणि 'ना सुई'? मग इंजेक्शन काय फुंकर मारून देतात? :)

साळुंकी२
वाचतेय. माझंही दाट आलं होतं.

लेन्सवाला
थाप नाही. पण व्हिडिओत जे आहे आणि खाली जे लिहिलंय त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी ऑप्टिक्सवाला आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे प्रकाशापुरतंच बोलतो.

आधी घरी करायचा प्रयोग. अंधारात मोबाइलची टॉर्च तळहाताला चिकटवा. हात लालभडक दिसेल. पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग रक्तातलं हिमोग्लोबिन पिऊन टाकतं, लाल तेवढा पार होतो. लालच्याही पलीकडे गेलं, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर, की हिमोग्लोबिनचं शोषण बरंच कमी होतं. ९०० च्या पुढे पाणी शोषायला लागतं. मधली फट म्हणजे शरीराची खिडकी. हा सगळा खेळ त्या खिडकीतून डोकावण्याचा.

आता तोच लाल हात पुन्हा बघा. हाडं दिसतात का? नाही. प्रकाश पार येतो, पण सरळ येत नाही. पेशी-पेशीवर आपटून भरकटत येतो. दाट धुक्यात कंदील असावा, उजेड आहे हे कळावं, कंदील नेमका कुठे ते कळू नये, तसं. रंगद्रव्य टोचून ते चमकवलं तरी बाहेर येताना त्याच धुक्यातून यायचंय. नुसत्या कॅमेऱ्याने बघायचं तर सेंटिमीटरभर खोलीपर्यंतच काय ते धड दिसतं. तुमच्या जाऊबाईंची सावली त्याहून आत असेल, तर तो कॅमेरा बाहेरून लावून उपयोग नाही.

गणपुले_नव्हे
मग व्हिडिओत दिसली ती कशी?

टाका_सुई
कारण तो ऑपरेशन थिएटरमधला असणार. त्वचा उघडलेली, किंवा गाठ कापून बाहेर ट्रेमध्ये ठेवलेली. मी सर्जन आहे, रोजचं काम हेच.

निंबोणी, जाऊबाईंना आधी एवढंच सांगा: ह्या तंत्राची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण ते त्यांच्या आत्ताच्या प्रश्नासाठी नाहीच. 'गाठ आहे का, असली तर कसली' ह्याचं उत्तर मॅमोग्राम, सोनोग्राफी, लागलं तर एमआरआय, आणि शेवटी बायोप्सी. चमकणारा रंग येतो तो त्यानंतर, माझ्या टेबलावर. तपशील रात्री लिहितो, आत्ता ओपीडी आहे.

मोकळा_श्वास
पण मॅमोग्राममध्ये रेडिएशन असतं हे तर खरं ना? आणि दाबल्याने गाठ फुटते. आमच्या ओळखीत एक बाई 'स्पर्श नाही, वेदना नाही' असं इन्फ्रारेड स्कॅनिंग करून आल्या. रंगीत छापील चित्र मिळालं, सगळं नॉर्मल. ते हेच तंत्र असणार.

लेन्सवाला
@मोकळा_श्वास, नाही! ती थर्मोग्राफी. दोन्हीत 'इन्फ्रारेड' आहे म्हणून भावंडं समजू नका. थर्मोग्राफीत कोणी प्रकाश टाकत नाही, अंगातून निघणारी उष्णता मोजतात. तिची तरंगलांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे आपण बोलतोय त्याच्या दहापटीहून जास्त. त्वचेचं तापमान कळतं, बस. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) स्पष्ट इशारा दिलेला आहे की थर्मोग्राफी ही मॅमोग्रामची जागा घेऊ शकत नाही. त्या बाईंना खरा मॅमोग्राम करायला सांगा.

काचपट्टी
आणि रेडिएशनचं: एका मॅमोग्रामचा डोस सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, आकाश ह्यांतून आपल्याला साधारण सात आठवड्यांत आपसूक मिळतो तेवढा. दाबल्याने कॅन्सर पसरत नाही.

सुईचंही सांगून टाकते, कारण बायोप्सीचे तुकडे माझ्याच टेबलावर येतात. सुईच्या वाटेवर मोजक्या पेशी सरकलेल्या कधीकधी दिसतात, मी स्वतः काचेवर पाहिल्या आहेत. पण त्यामुळे आजार पसरला किंवा रुग्णाचं आयुष्य घटलं असं आढळलेलं नाही. न तपासता राहिलेल्या गाठीचं मात्र तसं म्हणता येत नाही.

बोरूबहाद्दर
अवांतर: 'फ्लुरोसन्स'ला मराठीत 'प्रतिदीप्ती' आहे. काही जण 'अनुस्फुरण' म्हणतात. आपणच वापरले नाहीत तर हे शब्द रुळणार कसे?

चांदणचकवा
"सिस्टर, पेशंटचं अनुस्फुरण चालू करा!" सिस्टर आधी पेशंटला धरायला धावतील.

बोरूबहाद्दर
हसा. पण 'प्रतिदीप्ती' शब्दात अर्थ आहे: एका दीपाला दुसऱ्या दीपाने दिलेलं उत्तर. रंगद्रव्य एक प्रकाश पितं आणि जरा कमी ऊर्जेचा परत देतं.

लेन्सवाला
+१, छान सांगितलंत. आकड्यांत बोलायचं तर इंडोसायनिन ग्रीन (आयसीजी) साधारण ७८० ते ८०० नॅनोमीटरचा पिऊन ८३० च्या आसपासचा परत देतं. कॅमेऱ्यापुढे गाळणी असते, जाणारा प्रकाश अडवायचा आणि उत्तरच तेवढं आत घ्यायचं.

दोन्ही आपल्या डोळ्याला दिसत नाहीत. टीव्हीच्या रिमोटचा दिवा दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर बऱ्याच फोनवर लुकलुकताना दिसतो, तसंच. तेव्हा व्हिडिओतला हिरवा रंग गाठीचा नाही. कॅमेऱ्याने आकडे मोजले, संगणकाने त्यांना हिरवं रंगवलं. जांभळं रंगवलं असतं तरी चाललं असतं.

साळुंकी२
म्हणजे 'ग्रीन' नावामुळे हिरवं नाही?

टाका_सुई
गंमत म्हणजे दोन हिरवे आहेत. बाटलीतलं द्रव्य खरंच गडद हिरवं असतं, हातमोज्याला लागलं की दिसतं. पडद्यावरचा हिरवा वेगळा.

आता सकाळी राहिलेलं लिहितो. तीन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिलं, काखेतली गाठ शोधणं. स्तनाचा कॅन्सर लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने आधी काखेतल्या एक-दोन पहारेकरी गाठींत जातो. त्यांना सेंटिनल नोड म्हणतात. त्या कोरड्या निघाल्या, म्हणजे त्यांत कॅन्सर नसला, तर सगळी काख उपसायची गरज नसते, आणि पुढे हात सुजायचा धोका खूप कमी होतो. त्या शोधायला पूर्वापार निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य वापरतात. आयसीजीने ह्या गाठी शोधल्याचं जपानमधून २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, आता हे बऱ्याच ठिकाणी रुळलंय.

प्रत्यक्षात कसं असतं सांगतो. स्तनाग्राच्या काळ्या वर्तुळापाशी थोडंसं टोचायचं, जरा चोळायचं. थिएटरचे मोठे दिवे मालवायचे, नाहीतर कॅमेरा चकतो. पडद्यावर आधी फक्त एक ठिपका. काही मिनिटांत त्या ठिपक्यातून एक रेघ फुटते आणि त्वचेखालून काखेकडे सरकायला लागते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातलं काम सोडून बघत राहिलो होतो. रेघ एका जागी बुडते, तिथे छेद घ्यायचा. पण घाई करून लसिकेची ती नळी कापलीत, की रंग सांडतो आणि सगळं मैदान हिरवं. मग शोधा गाठ! माझ्या हातून झालेलं आहे, म्हणून सांगतोय.

दुसरं, स्तनाची पुनर्रचना करताना त्वचेला रक्त पोचतंय का बघणं. तिथे आयसीजी शिरेतून देतात. ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, यकृत काही मिनिटांत उचलून पित्तात टाकतं. पडद्यावर जो भाग काळा राहिला तो जगण्याची शाश्वती नाही.

तिसरं काम, गाठ काढल्यावर मागे काही राहिलं का ते बघणं. सगळी उत्सुकता इथे आहे आणि सगळा वादही.

काचपट्टी
तिसऱ्या कामाची अडचण माझ्या बाजूने सांगते. स्तन राखून फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढला, की तो गोळा माझ्याकडे येतो. त्याला दोरे असतात, बहुतेक ठिकाणी आखूड दोरा वरची बाजू, लांब दोरा बाहेरची. मी सहा बाजूंना वेगवेगळ्या रंगांची शाई लावते. मग फॉर्मालिन, मेण, चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप. सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर 'मार्जिन पॉझिटिव्ह'. २०१४ च्या अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनेपासून आजूबाजूच्या भागात घुसणाऱ्या (इन्व्हेजिव्ह) कॅन्सरसाठी नियम सुटसुटीत झाला: शाईवर पेशी नाहीत ना, मग कड मोकळी.

पण हे सगळं व्हायला काही दिवस लागतात. तोवर बाई टाके घालून घरी गेलेली असते. तिला फोन करून 'पुन्हा टेबलावर यावं लागेल' सांगायचं ही कोणालाच नको असलेली गोष्ट. ऑपरेशन चालू असतानाच गोठवून काप घेता येतात, पण स्तनात चरबी फार, ती नीट गोठत नाही, पात्याखाली चिरडते.

सर्जनला जागेवर, त्याच क्षणी कड कळली तर हवीच आहे.

गणपुले_नव्हे
मग आयसीजी टोचा आणि बघा. अडलंय कुठे?

टाका_सुई
आयसीजी कॅन्सर ओळखत नाही. गळक्या रक्तवाहिन्या जिथे असतील तिथे साचतं. गाठीत साचतं, सूज असली तर तिथेही साचतं. म्हणून ओळखणारी द्रव्यं बनवताहेत. एक मार्ग म्हणजे प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) रंग बांधायचा. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला बेवासिझुमॅब ह्या औषधाला रंग जोडून स्तनाच्या कॅन्सरवर चाचण्या झाल्या. दुसरा मार्ग जास्त चलाख: द्रव्य मुळात विझलेलं असतं, कर्कपेशींच्या आसपास कॅथेप्सिनसारखी विकरं (एन्झाइम) जास्त असतात, त्यांनी त्याचा बंध तोडला की पेटतं. पेग्युलिसियानिन त्या जातीचं. एप्रिल २०२४ मध्ये एफडीएने मंजूर केलं, आणि मंजुरीचा नेमका उद्देश बघा: गाठ काढल्यावर पोकळीत उरलेला कॅन्सर शोधायला मदत. तपासणी शिबिरासाठी नाही.

आकडेमोड
मी संख्याशास्त्र शिकवतो. ह्या पेग्युलिसियानिनची २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली इन्साइट चाचणी वाचली. नेहमीची शस्त्रक्रिया झाल्यावर चमक बघून आणखी कापलं, तेव्हा ३५७ पैकी २७ बायकांत मागे राहिलेला कॅन्सर निघाला. छान. पण संवेदनशीलता ४९.३ टक्के! उरलेल्या कॅन्सरपैकी निम्मा दिसलाच नाही. मग नाणं उडवा की, स्वस्तात होईल.

लेन्सवाला
सर, नाण्याचा हिशोब पुरता करा. विशिष्टता, म्हणजे निरोगी कडेला निरोगीच म्हणण्याचं प्रमाण, ८५.२ टक्के आहे. नाणं निरोगी कडांपैकी निम्म्या 'कापा' म्हणेल, हे साधारण पंधरा टक्के म्हणतं. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात हे तुम्हीच वर्गात सांगत असाल.

आकडेमोड
मान्य, घाई झाली. हलकेच घ्या. पण माझा मूळ आक्षेप राहतोच: कड पॉझिटिव्ह आलेल्या ६२ बायकांपैकी ९ जणींचंच दुसरं ऑपरेशन टळलं. ५३ जणींना उपयोग झाला नाही. आणि औषधाला तीव्र ॲलर्जीचा ठळक इशारा आहे. ज्या बाईची कड मुळात मोकळीच होती, तिने हा धोका कशासाठी घ्यायचा?

काचपट्टी
प्रश्न रास्त आहे. एक बाजू अशी, की सर्जनने डोळ्याने, बोटाने, एक्स-रेने शोधून जे सापडलं ते काढलेलंच होतं. हे उरलेलं म्हणजे चाळणीतून निसटलेलं. दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: त्या २७ जणींमध्ये अशाही कडा होत्या ज्या आमच्या नेहमीच्या तपासणीत मोकळ्या ठरल्या होत्या. म्हणजे मी 'निगेटिव्ह' सही केली असती आणि पोकळीत काहीतरी राहिलं असतं. गोळ्याची कड आणि पोकळीची भिंत ह्या एक नव्हेत. हे वाचून मला जरा अस्वस्थ व्हायला झालं होतं.

टाका_सुई
दोघांचंही बरोबर. मी त्याला होकायंत्र म्हणेन, नकाशा नाही. व्यवहारातलं एक लचांड: ते द्रव्य वापरायचं तर पोकळी बघून होईपर्यंत काखेसाठी निळा रंग टाळायचा, नाहीतर गोंधळ. शिवाय लघवीला रंग येऊ शकतो, ते आधी सांगून ठेवावं लागतं.

चांदणचकवा
हे मात्र व्हिडिओत टाकलं नव्हतं.

जुनी_जाणती
मुलांनो, तुम्ही नवीन नवीन म्हणताय, पण स्तनाला दिवा लावून बघायचा उद्योग १९२९ चा आहे. कटलर नावाच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत स्तनामागे दिवा धरून सावल्या पाहिल्या होत्या. पुढे अवरक्त प्रकाशाची यंत्रंही आली, पण मॅमोग्रामपुढे टिकली नाहीत. मी नर्सिंगमध्ये असताना असं एक यंत्र कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेलं असायचं. आम्ही त्यावर रजिस्टरं ठेवायचो.

लेन्सवाला
वा, हे भारी! आणि आयसीजीही म्हातारंच. कोडॅकच्या प्रयोगशाळेत जन्मलं, १९५९ पासून अमेरिकेत माणसांत वापरायला परवानगी आहे.

पण कटलरच्या दिव्याची वंशावळ संपलेली नाही. स्तनाभोवती अनेक ठिकाणांहून प्रकाश सोडायचा, अनेक ठिकाणी मोजायचा, आणि भरकटलेल्या प्रकाशावरून आतलं चित्र गणिताने उभं करायचं. डिफ्यूज ऑप्टिकल टोमोग्राफी. २००० मध्ये पेनसिल्व्हेनियात ब्रिटन चान्स ह्यांच्या गटाने आयसीजी देऊन, त्याच वेळी एमआरआय करून, दोन चित्रं ताडून पाहिली. २००७ मध्ये प्रतिदीप्तीचं त्रिमितीय चित्रही दाखवलं (बोरूबहाद्दर, शब्द वापरला बघा). खोल गाठ बाहेरून बघायची तर मार्ग हा. पण चित्र धूसर, काही मिलिमीटरच्या गाठी निसटतात. संशोधनापुरतं आहे. मला स्वतःला ह्यात फार रस आहे, तरी माझ्या आईला मी मॅमोग्रामलाच नेतो.

साळुंकी२
त्वचेच्या रंगाने फरक पडतो का? ऑक्सिमीटरबद्दल वाचलं होतं, गडद त्वचेवर चुकतो.

लेन्सवाला
चांगला प्रश्न. बाहेरून बघताना पडतो, मेलॅनिन प्रकाश शोषतं. नियर इन्फ्रारेडमध्ये दृश्य प्रकाशापेक्षा कमी शोषतं, पण शून्य नाही. उघडलेल्या पोकळीत बघताना त्वचा मध्ये येतच नाही.

निंबोणी
तीन आठवड्यांनी परत येतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून जाऊबाईंच्या हातात दिले. 'इंजेक्शन फुंकर मारून' वाचून हसल्या, सुईच्या वाटेचं काचपट्टी ह्यांनी लिहिलेलं दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून सोनोग्राफीची वेळ घेतली. बायोप्सी झाली. कॅन्सर आहे, लहान आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, स्तन राखून.

आता गंमत बघा. सर्जननी काखेसाठी हिरवा रंग वापरणार म्हटलं. म्हणजे ज्याची वाट बघत बसल्या होत्या ते शेवटी मिळालंच, फक्त भलत्याच ठिकाणी. पण माझा नवा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी सीटी स्कॅनच्या इंजेक्शनने त्यांच्या अंगावर गांध्या उठल्या होत्या. ते आयोडीनचं होतं म्हणाले. ह्याच्याशी त्याचा संबंध?

टाका_सुई
बरं झालं विचारलंत. सीटीच्या औषधाची ॲलर्जी म्हणजे आयसीजीची ॲलर्जी असं सरळ समीकरण नाही. पण आयसीजीच्या भुकटीत थोडं सोडियम आयोडाइड असतं, म्हणून असा इतिहास असला की आधी विचार करावा लागतो. सर्जन आणि भूलतज्ज्ञ, दोघांनाही सांगा. तोंडी नको, केसपेपरवर लिहून घ्या. पर्याय आहेत, किरणोत्सारी द्रव्यावर काम भागतं.

काचपट्टी
जाऊबाईंना शुभेच्छा. रिपोर्ट आला की कड काय म्हणते तेवढं कळवा.

निंबोणी
सांगितलं दोघांनाही. भूलतज्ज्ञ बाईंनी लाल शाईत लिहून खाली रेघ मारली. आयसीजी रद्द, किरणोत्सारी द्रव्य ठरलं. जाऊबाई म्हणतात, "हिरवा नाही तर नाही, तो निळा तरी द्या म्हणावं सोबतीला."

टाका_सुई
निळ्याचीही ॲलर्जी होऊ शकते. तेही विचारून घ्या.